जाहिरात लागायच्या आधी शोध सुरू करा: विद्यापीठात, संस्थेत संशोधनाची पहिली नोकरी

एम.एस्सी.चे निकाल लागले की दरवर्षी मला फोन येतात. गडहिंग्लजहून, आजऱ्याहून, कधी जुन्या मैत्रिणींच्या भाचरांचे. प्रश्न एकच असतो, "ताई, पुण्यात रिसर्चमध्ये काही लागेल का?" मी विचारते, आतापर्यंत काय केलंस? उत्तर ठरलेलं, "जाहिराती बघतोय."

जाहिराती बघण्यात मीही सात महिने घालवले आहेत. २०१३ मध्ये शिवाजी विद्यापीठातून फिजिक्सची एम.एस्सी. झाले, सॉलिड स्टेट घेऊन. विभागाच्या नोटीस बोर्डावर कागद लागला की वही घेऊन उभी राहायची, शेवटची तारीख लिहून घ्यायची, पोस्टाने अर्ज टाकायचा. कुठूनच बोलावणं आलं नाही. पुढे दहा वर्षांत मी प्रोजेक्ट जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलो, म्हणजे प्रोजेक्टच्या पैशांवर नेमलेला कनिष्ठ संशोधक) झाले, पीएच.डी. केली, तीन वर्षं दक्षिण कोरियात पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं संशोधन, केलं, आणि आता पुण्यात मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडे अधूनमधून बसते. तिथे बसल्यावर कळलं की जाहिरात हा या गोष्टीचा जवळजवळ शेवटचा टप्पा असतो. तोवर बरंच काही होऊन गेलेलं असतं, आणि ज्यांना ते माहीत असतं ती मुलं तयारीनिशी येतात. हे सगळ्यांना माहीत असावं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

जागा कुठून निघते

प्राध्यापक किंवा शास्त्रज्ञ आधी प्रस्ताव लिहितात. तो डीएसटी, डीबीटी, सीएसआयआर किंवा एएनआरएफ अशा संशोधनाला निधी देणाऱ्या सरकारी संस्थेकडे जातो. एएनआरएफ म्हणजे अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन. २०२३ च्या कायद्याने ते स्थापन झालं आणि पूर्वीचं सर्ब हे निधी देणारं मंडळ त्यात विलीन झालं. त्यामुळे जुन्या रिसर्च पेपरांत सर्बचं नाव दिसेल आणि नव्या जाहिरातींत एएनआरएफचं. प्रस्ताव मंजूर झाला की मंजुरीपत्र येतं. त्यात उपकरणं, केमिकल्स, प्रवास यांच्या जोडीला मनुष्यबळाचा एक रकाना असतो: "एक जेआरएफ, तीन वर्षं." तुमची नोकरी त्या रकान्यात जन्माला येते. मग पहिला हप्ता जमा होतो, संस्थेचं कार्यालय जाहिरातीचा मसुदा तपासतं, आणि संकेतस्थळावर ती दहा-पंधरा दिवस लागते. तुम्ही त्या पंधरा दिवसांत शोधत असाल तर उशीर झालेला असतो. मंजुरीपत्र आणि जाहिरात यांच्या मधले महिने खरे आपले.

ते महिने गाठायचे कसे? एक, निधी देणाऱ्या संस्था मंजूर प्रस्तावांच्या याद्या आपल्या संकेतस्थळांवर लावतात. प्रस्तावाचं नाव, संशोधकाचं नाव, संस्था. आपल्या विषयाची यादी उतरवून घ्या आणि महाराष्ट्र-गोव्यातली नावं वेगळी काढा. एक संध्याकाळ पुरते.

दुसरी जागा मला स्वतःला जास्त आवडते. कुठलाही रिसर्च पेपर उघडा आणि शेवटचा आभाराचा परिच्छेद वाचा. विद्यार्थी तो कधीच वाचत नाहीत. पैसे कुणी दिले, प्रोजेक्टचा क्रमांक काय, कुठल्या सुविधेत मोजमाप झालं, हे सगळं तिथे असतं. मंजुरीच्या क्रमांकात बहुतेक वेळा वर्षही असतं. तीन वर्षांचा प्रोजेक्ट २०२३ चा असेल तर तो संपत आलेला किंवा संपलेला आहे, तिथे नवी जागा निघणं अवघड. क्रमांक अलीकडचा असेल तर माणूस हवा असण्याची शक्यता चांगली. मी मार्चमध्ये अशी बारा पेपरांची यादी केली आणि त्यातल्या दोन प्रयोगशाळांत ऑगस्टपर्यंत खरोखर जागा निघाल्या.

तिसरी गोष्ट म्हणजे सोडून जाणारे सीनियर. प्रोजेक्ट मध्यावर असताना जेआरएफला परदेशात प्रवेश मिळतो, किंवा स्वतःची फेलोशिप लागते, आणि तो निघतो. मग उरलेल्या काळासाठी तीच जागा पुन्हा जाहीर होते. मला अशा जाहिराती जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान जास्त दिसल्या आहेत. आपल्या विभागातून गेल्या चार-पाच वर्षांत बाहेर पडलेले कोण कुठे आहेत याची यादी करा आणि त्यांना फोन लावा. संकोच करू नका. मी केला होता, आणि तो मला सात महिन्यांना पडला.

कुठे बघायचं याबद्दल थोडक्यात. पुण्यात पाषाण रस्त्यावर रसायनशास्त्राची एनसीएल, विज्ञान शिक्षण-संशोधनाची आयसर, इलेक्ट्रॉनिक्सच्या मटेरियल्सची सी-मेट आणि हवामानशास्त्राची आयआयटीएम या एकमेकांच्या जवळच आहेत. विद्यापीठाच्या आवारात खगोलशास्त्राची आयुका, रेडिओ खगोलशास्त्राची एनसीआरए आणि पेशीविज्ञानाची एनसीसीएस. जीवशास्त्राची आघारकर संस्था लॉ कॉलेजच्या बाजूला. मुंबईत पवईची आयआयटी, कुलाब्याचं मूलभूत संशोधनाचं टीआयएफआर, माटुंग्याची रसायन तंत्रज्ञानाची आयसीटी. नागपूरला पर्यावरणाची नीरी आणि अभियांत्रिकीची व्हीएनआयटी. गोव्यात दोनापावलची समुद्रविज्ञानाची एनआयओ, वास्कोचं ध्रुवीय संशोधन केंद्र, ताळगावचं विद्यापीठ. आयआयटी मुंबईच्या प्रोजेक्टच्या जागा तिथल्या आयआरसीसी या विभागाच्या पानावर लागतात, मुख्य भरतीच्या पानावर शोधत बसू नका. आणि आपल्या राज्य विद्यापीठांना कमी लेखू नका. कोल्हापूरच्या थिन फिल्मच्या, म्हणजे काचेसारख्या पृष्ठभागावर बसवलेल्या पातळ थरांच्या, प्रयोगशाळांतून निघालेली मुलं मला कोरियातल्या एका शहरात इतकी भेटली की रविवारी आम्ही पिठलं-भात करून एकत्र बसायचो.

जाहिरात वाचायला शिका

जाहिरात दोन पानांची असते आणि मुलं तिच्यातले दोनच आकडे वाचतात, पगार आणि शेवटची तारीख. बाकीच्या ओळींत तुमची पुढची तीन वर्षं लिहिलेली असतात.

पगाराबद्दल आधी सांगून टाकते. मी शोधत होते तेव्हा जेआरएफ १६,००० होती. ऑक्टोबर २०१४ पासून २५,००० झाली, २०१९ पासून ३१,०००, आणि १ जानेवारी २०२३ पासून ३७,०००. त्याच्या वरची पायरी एसआरएफ, म्हणजे सीनियर रिसर्च फेलो, ४२,०००. पीएच.डी. झालेल्या रिसर्च असोसिएटला ५८,०००, ६१,००० किंवा ६७,०००, अनुभवाप्रमाणे. घरभाडं त्यावर वेगळं. प्रोजेक्ट असोसिएट या नावाची जागा असेल तर एकाच पदापुढे दोन रकमा दिसतील: नेट किंवा गेट ही राष्ट्रीय परीक्षा पास असलेल्याला जास्त, नसलेल्याला कमी. दोघं एकाच बाकावर बसून तेच काम करतात. म्हणून परीक्षा देऊन ठेवा असं मी प्रत्येकाला सांगते. सीएसआयआर-नेट वर्षातून दोनदा असते. गेट फेब्रुवारीत होते आणि तिचा स्कोअर तीन वर्षं चालतो. बी.ई. झालेल्यांनी तर शेवटच्या वर्षातच गेट द्यावी.

आता ओळी. "आवश्यक पात्रता" म्हणजे दारावरची चाळणी. एम.एस्सी.ला टक्के किती, नेट किंवा गेट हवी की नको, वय किती. त्यात बसत नसाल तर आत कुणी कितीही ओळखीचं असलं तरी कार्यालयच तुमचा अर्ज बाजूला काढतं. "इष्ट पात्रता" ही ओळ मात्र गाइडने, म्हणजे ज्यांचा प्रोजेक्ट आहे त्या प्राध्यापकांनी, स्वतः लिहिलेली असते. त्यांना काय अडलं आहे ते तिच्यात दिसतं. "इलेक्ट्रोकेमिकल मोजमापांचा अनुभव असल्यास प्राधान्य" असं लिहिलं असेल तर समजा, त्या मोजमापांचं यंत्र, पोटेन्शिओस्टॅट, येऊन पडलं आहे आणि चालवायला माणूस नाही. तुम्ही एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये चार दिवस जरी सायक्लिक व्होल्टॅमेट्री (त्याच यंत्रावरचं एक मोजमाप) केली असेल तर ते अर्जाच्या पहिल्या पानावर आलं पाहिजे. मी ते शेवटच्या पानावर, "इतर माहिती" या मथळ्याखाली लिहीत होते.

"को-टर्मिनस" असा शब्द येतो. प्रोजेक्ट संपला की जागा संपली, एवढाच त्याचा अर्थ. पण प्रोजेक्ट संपणार कधी, ते बऱ्याच जाहिरातींत नसतं. "सुरुवातीला एक वर्ष, पुढे कामगिरीवर मुदतवाढ" असं वाचून मुलं तीन वर्षं धरून चालतात आणि रुजू झाल्यावर कळतं की प्रोजेक्टचे अकराच महिने उरले आहेत. शेवटची तारीख मुलाखतीच्या आधी मेल करून विचारा. यात उद्धटपणा काहीच नाही. ज्या गाइडला या प्रश्नाचा राग येतो, त्यांच्याकडे जाण्याआधी मी तरी दोनदा विचार करीन.

आणि सर्वात मोठा प्रश्न, पीएच.डी.ची नोंदणी होणार का? प्रोजेक्ट जेआरएफ म्हणून रुजू झालात की नोंदणी आपोआप होते असा समज आहे. तसं नसतं. सीएसआयआरच्या प्रयोगशाळेत पदवी एसीएसआयआर या अकादमीची असते आणि तिचा प्रवेश वेगळा असतो. विद्यापीठात पेट, म्हणजे पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा असते, कोर्सवर्क असतं. काही ठिकाणी प्रोजेक्टवरच्या माणसाला नोंदणी मिळते, काही ठिकाणी नाही. "पुढे बघू" हे उत्तर मिळालं तर त्याच प्रयोगशाळेतल्या आधीच्या दोन जेआरएफचं काय झालं ते शोधा. पेपरांवरची नावं बघा, पुढे त्यांचे थिसिस झाले का बघा. त्यावरून कळतं.

नोंदणी झाली आणि प्रोजेक्टचा पैसा संपला तर दुसरे दरवाजेही आहेत. आपल्या राज्यात पात्र गटांतल्या पीएच.डी. विद्यार्थ्यांसाठी बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती आहेत. त्यांची जाहिरात निघाली की नोंदणीची तारीख पाहतात, म्हणून नोंदणीची पत्रं जपून ठेवा.

मेल कसा लिहावा

यादी झाली की मेल. आमच्याकडे जे मेल येतात त्यातले बहुसंख्य "आदरणीय सर" ने सुरू होतात. ज्यांना पाठवला त्या मॅडम असल्या तरी. पुढे "आपल्या नामांकित प्रयोगशाळेत काम करण्याची माझी तीव्र इच्छा आहे", आणि खाली नऊ पानांचा सीव्ही. तोच मेल आणखी चाळीस जणांना गेलेला असतो, कधीकधी सगळ्यांचे पत्ते वरच दिसतात. असा मेल वाचणाऱ्याला त्यात धरायला काहीच नसतं.

मेल इंग्रजीतच लिहायचा, पण त्यात काय असावं ते मराठीत सांगते. माझ्या यादीतल्या एका प्रयोगशाळेला मी जो मेल पाठवला आणि ज्याला दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, त्याचा आशय असा होता: "मी शिवाजी विद्यापीठातून एम.एस्सी. केली आहे. तुमच्या गेल्या वर्षीच्या पेपरमध्ये स्प्रे पायरोलिसिसने फिल्म्स केल्या आहेत. माझ्या प्रोजेक्टमध्ये मी त्याच पद्धतीने झिंक ऑक्साइडच्या फिल्म्स केल्या. सुरुवातीला फिल्म पांढरट यायची आणि बोटाने पुसली जायची. काचेचं तापमान स्प्रे चालू असताना खाली येत होतं. स्प्रे थांबवत थांबवत केल्यावर ती नीट बसली. एक्सआरडीचा ग्राफ सोबत जोडला आहे. येत्या सहा महिन्यांत तुमच्याकडे प्रोजेक्टवर जागा निघण्यासारखी असेल तर मला अर्ज करायला आवडेल."

एवढंच. (स्प्रे पायरोलिसिस म्हणजे तापलेल्या काचेवर द्रावण फवारून थर बसवणं, आणि एक्सआरडी म्हणजे एक्स-रेने स्फटिकाची रचना तपासणं.) यात पुसली जाणारी फिल्म ही सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे, असं मला त्या गाइडनीच पुढे सांगितलं. काय बिघडलं आणि ते कसं सोडवलं हे जो सांगू शकतो, त्याने हाताने काम केलेलं असतं. सगळं छान झालं असं लिहिणाऱ्याचं कळत नाही. सीव्ही दोन पानांचा, पीडीएफमध्ये, फाइलला स्वतःचं नाव. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, मग पुढे चला. मी एकोणीस मेल पाठवले, चार उत्तरं आली. त्यातल्या दोघांनी "आत्ता जागा नाही" असं लिहिलं, तरी तीन महिन्यांनी त्यातल्याच एकांनी जाहिरातीचा दुवा स्वतःहून पाठवला. मेल केला म्हणून निवड होत नाही, मुलाखत रीतसर समितीसमोरच होते. पण जाहिरात निघाल्याचं वेळेवर कळणं हेच अर्धं काम आहे.

मुलाखतीचा दिवस

पहिल्या वॉक-इनला, म्हणजे थेट मुलाखतीला, मी कोल्हापूरहून रात्रीच्या गाडीने निघाले आणि पहाटे पुण्याच्या चांदणी चौकात उतरले. मैत्रिणीच्या खोलीवर अंघोळ करून साडेआठला गेटवर पोचले, तर रांगेत चाळीसेक जण. जागा एक. प्रवासखर्च मिळत नाही, तसं जाहिरातीतच लिहिलेलं असतं. आधी कागदपत्रं तपासतात, गर्दी असेल तर अर्ध्या तासाची लेखी परीक्षा होते, मग दहा-पंधरा जणांना आत बोलावतात.

कागदपत्रांत मुलं अडकतात ती ठिकाणं सांगते. दहावीचं प्रमाणपत्र जन्मतारखेसाठी लागतं आणि ते नेमकं घरी राहतं. विद्यापीठाने ग्रेड दिली असेल तर तिचे टक्के कसे काढायचे याचं विद्यापीठाचं पत्र हवं. ओबीसी असाल आणि केंद्राच्या संस्थेत वयाची सवलत हवी असेल तर नॉन-क्रीमीलेअरचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. राज्याच्या नमुन्यातला चालत नाही, आणि तुमची जात केंद्राच्या यादीत असावी लागते. हा दाखला तहसीलमधून यायला वेळ लागतो, तेव्हा मुलाखतीचं बोलावणं येण्याची वाट न बघता आजच सेतूत अर्ज टाका. माझ्यासमोर एका मुलीला एवढ्यासाठी परत जावं लागलं. तिची तयारी उत्तम होती.

आत काय विचारतात? तुमच्या स्वतःच्या एम.एस्सी. प्रोजेक्टबद्दल. पाठ्यपुस्तकाबद्दल फारच थोडं. मला फळ्यापाशी बोलावून माझाच एक्सआरडीचा ग्राफ पुढे ठेवला आणि विचारलं, "क्रिस्टलाइटचा आकार किती?" क्रिस्टलाइट म्हणजे फिल्ममधला एकेक स्फटिककण. मी थिसिसमधला आकडा सांगितला, २१ नॅनोमीटर. "काढून दाखवा." शेररचं सूत्र मी लिहिलं: शून्य पूर्णांक नऊ गुणिले तरंगलांबी, भागिले बीटा गुणिले थीटाचा कोसाइन. कॉपरच्या एक्स-रेची तरंगलांबी ०.१५४ नॅनोमीटर. ग्राफमधलं शिखर ३४.४ अंशांवर, आणि थीटा त्याच्या निम्मा, १७.२. बीटा म्हणजे शिखराची रुंदी, ०.४ अंश. मी ०.४ तसाच सूत्रात घातला आणि उत्तर आलं ०.३६ नॅनोमीटर.

समोरचे सर शांतपणे म्हणाले, "झिंक ऑक्साइडच्या युनिट सेलची उंची ०.५२ नॅनोमीटर असते. तुमचा क्रिस्टलाइट एका युनिट सेलपेक्षा लहान आहे का?"

युनिट सेल म्हणजे स्फटिकाची पुन्हा पुन्हा येणारी एक वीट, तिच्याहून लहान स्फटिककण असूच शकत नाही. बीटा रेडियनमध्ये घ्यायचा असतो. ०.४ अंश म्हणजे साधारण ०.००७ रेडियन, आणि तो घातला की २१ च्या आसपास बरोबर उत्तर येतं. थिसिसमध्ये ते सॉफ्टवेअरने काढलं होतं. मी ते कधी हाताने केलंच नव्हतं. त्यांनी पुढे विचारलं, "या रुंदीत यंत्राचा स्वतःचा वाटा किती?" त्याचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं. ती जागा गेली, आणि ती जायलाच हवी होती.

त्या रात्री परतीच्या गाडीत मी वहीत माझ्या थिसिसमधले सगळे आकडे उतरवले: बँड गॅप, जाडी, रोध, पारदर्शकता. पुढच्या तीन आठवड्यांत प्रत्येक आकडा कागद-पेन्सिलने परत काढला, एककं लिहून. प्रत्येक ग्राफखाली लिहिलं: हे कुठल्या यंत्रावर मोजलं, चूक किती येऊ शकते, दुसऱ्या कुठल्या पद्धतीने पडताळता आलं असतं. मुलाखतीची याहून चांगली तयारी मला आजही माहीत नाही. फिजिक्सच्या जागी केमिस्ट्री असेल तर तुमच्या एनएमआरच्या शिखरांचं हेच करा, बायोलॉजी असेल तर तुमच्या जेलच्या पट्ट्यांचं, कॉम्प्युटर असेल तर तुमच्या मॉडेलच्या अचूकतेच्या आकड्याचं: तो कुठल्या डेटावर काढला, आणि तो डेटा प्रशिक्षणात आधीच शिरला नव्हता ना. उत्तर येत नसेल तर "माहीत नाही, पण असं शोधेन" म्हणा. समितीला ते चालतं. अंदाजे ठोकलेलं उत्तर चालत नाही.

इंजिनीअर मुलांसाठी थोडं वेगळं. बी.ई. झालेल्यांना वाटतं संशोधन एम.टेक.नंतरच. पण प्रयोगशाळांना यंत्र बांधणारे, बोर्ड तपासणारे, कोड लिहिणारे लोक सतत लागतात. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत. त्या फिरत्या ठेवायला सर्व्हो लागतं, रिसीव्हर लागतात, सॉफ्टवेअर लागतं. एनसीआरएच्या जाहिराती इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी बघाव्यात. आयआयटीएमला हवामानाची मॉडेल्स चालवायला प्रोग्रॅमिंग येणारे हवे असतात. आयआयटीच्या प्रोजेक्टमध्ये मेकॅनिकलवाल्यांना रिग, म्हणजे प्रयोगाचा सांगाडा, उभारण्याचं काम मिळतं. अशा मुलाखतीला तुम्ही बनवलेली वस्तू, नाही तर तिचा फोटो आणि सर्किटची आकृती घेऊन जा.

पैशांबद्दल खरं सांगते

एका ठिकाणी माझा स्टायपेंड सलग पाच महिने आला नव्हता. कुणी खाल्ला नव्हता. आधीच्या वर्षाच्या खर्चाचा दाखला वेळेत गेला नव्हता, तो गेला नाही म्हणून पुढचा हप्ता अडला, आणि मार्चअखेर आल्यावर सगळं पुढच्या वर्षात ढकललं गेलं. त्या काळात घरमालक थांबत नाही आणि खानावळही थांबत नाही. वडिलांकडे मागायची लाज वाटून मी संध्याकाळी बारावीच्या दोन शिकवण्या घेतल्या. नंतर सगळी रक्कम एकदम मिळाली, पण ते पाच महिने मी विसरलेले नाही, आणि तरुण मुलांना असं ताटकळत ठेवणं चूक आहे असं मला ठामपणे वाटतं.

म्हणून, रुजू होण्याआधी तिथल्या मुलांना एवढंच विचारा: गेल्या वर्षी स्टायपेंड किती वेळा आणि किती उशिरा आला? गाइडना विचारू नका, त्यांच्या हातात ते नसतं. तीन महिन्यांचा खर्च आणि खोलीचं डिपॉझिट बाजूला असेल तरच शहर बदला. आणि मुलाखतीच्या किंवा नेमणुकीच्या नावाखाली कुणी फोनवर "डिपॉझिट" मागितलं तर फोन ठेवा, संस्थेच्या संकेतस्थळावरच्या क्रमांकावर स्वतः फोन करून खात्री करा.

कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवू की प्रोजेक्ट घेऊ, असं पुष्कळ जण विचारतात. ज्यांच्या घरची जबाबदारी गावातच आहे त्यांना मी काही सांगू शकत नाही. पण निवड खरोखर तुमच्या हातात असेल, तर पहिली दोन-तीन वर्षं प्रोजेक्टवर काढा. सेट-नेट झाल्यावर शिकवायला परत येता येतं. चाळिशीत पहिल्यांदा यंत्रावर हात बसवणं फार कठीण जातं.

पीएच.डी.नंतर बाहेर जायचं असेल तर

इथेही तोच नियम, आधी प्रयोगशाळा शोधा, मग जागा. कोरियात प्राध्यापकांच्या ग्रँटमधून पोस्टडॉक ठेवतात. बहुतेकदा एक मेल, एक व्हिडिओ मुलाखत आणि तुमच्या आधी तिथे गेलेल्या एखाद्या सीनियरचा शब्द यावर निर्णय होतो. व्हिसा ई-३ प्रकारचा असतो, संशोधनाचा. पदवी प्रमाणपत्राला अपॉस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरावा म्हणून सरकारचा शिक्का) लागतं आणि त्यासाठी आधी मूळ पदवी हातात असावी लागते. दीक्षान्त समारंभाची वाट बघत माझी एक मैत्रीण चार महिने खोळंबली. थिसिस जमा करताच पदवीच्या अर्जाचं काम हातात घ्या.

युरोपसाठी मेरी क्युरी पोस्टडॉक फेलोशिपचे अर्ज साधारण सप्टेंबरात बंद होतात, आणि ज्या देशात जायचं तिथे आधीच्या छत्तीस महिन्यांत तुम्ही बारा महिन्यांहून जास्त राहिलेले नसावं लागतं. जर्मनीच्या हुम्बोल्ट फेलोशिपला वर्षभरात कधीही अर्ज करता येतो. दोन्हींत यजमान प्राध्यापकांची संमती आधी लागते, म्हणून सहा महिने आधी मेल सुरू करा. देशात थांबायचं असेल तर एएनआरएफची नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप आहे. तिच्यातही गाइड आधी ठरवावा लागतो.

नोकरी लागल्यावर

रुजू झाल्या दिवसापासून एक वही वेगळी ठेवा आणि तिच्यात तुम्ही स्वतः चालवलेली यंत्रं लिहीत जा: यंत्राचं नाव, मॉडेल, कुठलं सॅम्पल, किती वेळा, बिघडलं तेव्हा काय केलं. प्रयोगाची वही प्रयोगशाळेची असते, जाताना ती तिथेच राहते. ही तुमची.

सोडताना अनुभवाचं प्रमाणपत्र मागाल तेव्हा कार्यालय छापील दोन ओळी देईल: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत प्रोजेक्टवर होते. ते घ्याच. त्याशिवाय गाइडकडे एक वेगळं पत्र मागा, ज्यात यंत्रांची नावं आणि तुम्ही केलेलं काम असेल. गाइड कामात असतात, म्हणून तुमच्या वहीवरून मसुदा तुम्हीच करून न्या. सही झाली की त्याच दिवशी स्कॅन करून स्वतःला मेल करा, कारण पुढच्या जाहिरातीतल्या "इष्ट पात्रता" या ओळीपुढे तुम्हाला तेच जोडायचं आहे.